वरिष्ठ महाविद्यालयाला परवानगी नेमकी कोण देते : विद्यापीठ, संचालनालय, मंत्रालय की आयोग?

काटोल_रोड यांचा प्रश्न

मी नागपुरात राहतो आणि काटोल तालुक्यातील एका लहान शिक्षणसंस्थेचा सचिव म्हणून काम पाहतो. संस्थेची माध्यमिक शाळा आहे आणि तिला जोडून विज्ञान शाखेचे कनिष्ठ महाविद्यालय आहे. बारावीचा निकाल लागला की दरवर्षी तेच घडते. ज्यांच्या घरी नागपुरात खोली करून देण्याची ऐपत असते ती मुले पुढे जातात, काही मुले रोज एसटीने ये-जा करतात, आणि मुलींपैकी बऱ्याच जणी बी.एस्सी.चा नाद सोडून जवळपास जे मिळेल ते घेतात किंवा घरी बसतात. मागच्या जूनमध्ये गणितात उत्तम गुण मिळवलेल्या एका मुलीचे वडील दाखला न्यायला आले होते. "सकाळची पहिली गाडी चुकली की दिवस गेला, आणि अंधार पडल्यावर फाट्यापासून शेतातल्या घरापर्यंत तिला आणणार कोण?" एवढेच ते म्हणाले आणि दाखल्याची घडी करून खिशात ठेवून निघून गेले. त्याच महिन्यात आमच्या कार्यकारिणीने वरिष्ठ विज्ञान महाविद्यालय काढण्याचा ठराव केला.

कनिष्ठ महाविद्यालयाचे कामकाज शालेय शिक्षण विभागाकडे असल्यामुळे शिक्षणाधिकारी आणि विभागीय उपसंचालक ही वाट आम्हाला पायाखालची आहे. वरिष्ठ महाविद्यालयाचे मात्र काहीच उमगत नाही. कोणी सांगते विद्यापीठात अर्ज करा, कोणी पुण्याच्या उच्च शिक्षण संचालनालयाचे नाव घेते, कोणी थेट मंत्रालयात जायला सांगते, आणि एका परिचितांच्या मते तर दिल्लीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संमतीशिवाय काहीच होत नाही. यांपैकी निर्णय कोणाचा, देखरेख कोणाची, आणि आमच्या भागाची गरज नेमकी कोणत्या टप्प्यावर मांडली म्हणजे ती ऐकली जाईल, हे या क्षेत्रात काम केलेल्यांनी कृपया सांगावे.

निवृत्त_कक्ष_अधिकारी

सचिव महोदय, मी एका अकृषी विद्यापीठाच्या संलग्नता विभागात, म्हणजे महाविद्यालये विद्यापीठाला जोडून घेण्याचे काम पाहणाऱ्या विभागात, बरीच वर्षे काम करून निवृत्त झालो. आपल्याला चार जणांनी चार नावे सांगितली, त्यांत पूर्णपणे चूक कोणाचेच नाही. प्रत्येकाने साखळीतली एकेक कडी सांगितली आहे.

दिल्लीपासून सुरुवात करतो, कारण तिथला गैरसमज लवकर दूर होण्यासारखा आहे. विद्यापीठे स्थापन करणे हा राज्यघटनेनुसार राज्य सूचीतील विषय आहे, तर उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणे आणि त्यात समन्वय राखणे हे केंद्राचे काम आहे. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर शिक्षण हा विषय समवर्ती सूचीत गेला. 1956 च्या कायद्याने अधिष्ठित झालेला विद्यापीठ अनुदान आयोग अध्यापकांची पात्रता आणि पदव्यांचे मानक ठरवतो, परंतु काटोल तालुक्यात बी.एस्सी.चे महाविद्यालय असावे की नसावे, हे तो ठरवत नाही. महाविद्यालय उभे राहिल्यावर त्या आयोगाच्या कायद्यातील 2(एफ) आणि 12(बी) या कलमांखाली मान्यता मिळवण्यासाठी आपण त्याच्याकडे जाल. आज तिकडे जाण्याचे कारण नाही.

आपल्यासाठी मुख्य कायदा आहे तो महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016. तो 1 मार्च 2017 पासून लागू झाला आणि त्याने 1994 च्या कायद्याची जागा घेतली. या कायद्यात महाराष्ट्र राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगाची तरतूद आहे. कार्यालयीन बोलण्यात त्याला 'माहेड' म्हणतात आणि मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. राज्यात कोठे, कोणत्या प्रकारचे उच्च शिक्षण हवे, याचा एकत्रित विचार करणे हे या आयोगाचे काम. प्रत्येक विद्यापीठाने कलम 107 प्रमाणे पाच वर्षांचा बृहत् आराखडा तयार करायचा आणि तो या आयोगाकडून मंजूर करून घ्यायचा असतो. आपला सारा प्रश्न या आराखड्यापाशी येऊन थांबतो, कारण आराखड्याशी सुसंगत नसलेला नवीन महाविद्यालयाचा अर्ज विद्यापीठाला विचारातच घेता येत नाही. आमच्या विभागात प्रस्ताव आला की इमारतीचे नकाशे वगैरे नंतर, पहिला प्रश्न एकच असे : "या ठिकाणी स्थळबिंदू आहे का?" म्हणजे आराखड्यात हे ठिकाण नवीन महाविद्यालयासाठी दाखवले आहे का?

बिंदू असेल तर कलम 109 ची वाट सुरू होते. अर्ज विद्यापीठाच्या कुलसचिवांकडे करायचा, छाननी होऊन तो शिफारशीसह शासनाकडे जातो, आणि शासनाला योग्य वाटल्यास संस्थेला इरादापत्र मिळते. इरादापत्र म्हणजे परवानगी नव्हे, हे कार्यकारिणीतील प्रत्येकाला समजावून सांगा. त्यातील अटींची पूर्तता करून अहवाल दिल्यानंतर अंतिम परवानगी मिळते, त्यानंतर विद्यापीठाची समिती प्रत्यक्ष पाहणी करते आणि मग प्रथम संलग्नता मिळते. संलग्नतेपूर्वी एकाही विद्यार्थ्याला प्रवेश देता येत नाही. म्हणजे शिफारस आणि संलग्नता विद्यापीठाची, तर परवानगी उच्च व तंत्र शिक्षण विभागाची, म्हणजे मंत्रालयाची. पुण्याचे संचालनालय आणि त्याचे विभागीय सहसंचालक यांचा संबंध मुख्यतः अनुदान, वेतन, पदमान्यता आणि शिष्यवृत्ती यांच्याशी येतो.

एक अनुभव सांगतो, कारण तो आपल्या उपयोगी पडेल. एका संस्थेचा प्रस्ताव सर्व बाजूंनी नीटनेटका होता. संस्था नोंदणी अधिनियम, 1860 आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 या दोन्ही कायद्यांखालील नोंदणीच्या प्रती होत्या, तीन वर्षांचे लेखापरीक्षण होते, ठरावावर सर्वांच्या सह्या होत्या. सातबारा उलटून पाहिला तर जमीन संस्थेच्या नावावर नसून अध्यक्षांच्या खासगी नावावर होती आणि ती शेतीखेरीज वापरण्याचा अकृषक आदेशही नव्हता. अध्यक्षांनी जमीन मनापासून देऊ केली होती, यात शंका नाही. पण दानपत्र नोंदवून फेरफार होईपर्यंत त्या वर्षाची मुदत निघून गेली आणि संस्थेचे एक संपूर्ण वर्ष गेले. तेव्हा आपला सातबारा आजच काढून पाहा.

तासिका_तत्त्वावर

वरील उत्तरातून परवानगीची वाट स्पष्ट झाली. माझा मुद्दा परवानगीनंतरचा आहे आणि तो सचिव महोदयांनी रागावून न घेता वाचावा, ही विनंती.

मी भौतिकशास्त्राची अध्यापक आहे आणि पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही गेली कित्येक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवते. 2001 च्या धोरणानंतर नवीन महाविद्यालयांना कायम विनाअनुदान तत्त्वावरच परवानगी मिळत आली आहे. याचा अर्थ असा की आपल्या महाविद्यालयाच्या अध्यापकांचे वेतन शासन देणार नाही, ते मुलांच्या शुल्कातून आणि संस्थेच्या तिजोरीतून निघेल. ज्या मुलीच्या वडिलांची गोष्ट आपण सांगितली, त्यांच्याकडून प्रयोगशाळेच्या विषयाचे शुल्क किती घेता येईल, याचा हिशेब ठरावाच्या आधी मांडायला हवा.

मी एका ग्रामीण महाविद्यालयात शिकवत असताना पाहणी समिती येण्याच्या आदल्या दिवशी जडवस्तू संग्रह नोंदवही पूर्ण करण्यासाठी रात्री दहापर्यंत बसले होते. नोंदवहीत सहा गॅल्व्हानोमीटर होते. टेबलावर मांडायला घेतले तर चालू स्थितीत दोनच निघाले. समितीने नोंदवही पाहिली, उपकरणांची संख्या मोजली आणि बरोबरची खूण केली. पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिकाच्या वेळी एका उपकरणाभोवती नऊ मुली उभ्या होत्या, आणि शेवटच्या दोघींना काट्याचे वाचन स्वतः घेता आले नाही. त्यांनी मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतले. कागदावरची देखरेख आणि वर्गातले शिक्षण यांतले हे अंतर मला फार अस्वस्थ करते. महाविद्यालयाला परवानगी देताना राज्याने जेवढी काळजी घ्यावी, तेवढीच ती दर वर्षी अध्यापक आहेत का आणि उपकरणे चालतात का हे पाहतानाही घ्यायला हवी.

काटोल_रोड यांचा हेतू चांगला आहे, याविषयी मला शंका नाही. पण मुलींसाठी बससेवा आणि नागपुरात वसतिगृह मिळवून देणे अधिक लवकर आणि अधिक चांगले होईल का, याचाही विचार करावा.

प्रवेश_मार्गदर्शक

एक लहानशी पुरवणी जोडतो. कार्यकारिणीतील कोणी बी.एस्सी.ऐवजी बी.सी.ए. किंवा बी.बी.ए.चा आग्रह धरला तर वाट बदलते, हे ध्यानात ठेवावे. 2024-25 पासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले असून त्यांच्या प्रवेशासाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा सुरू झाली आहे. विनाअनुदानित खासगी संस्थांतील व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश आणि शुल्क यांसाठी 2015 चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली प्रवेश नियामक प्राधिकरण व शुल्क नियामक प्राधिकरण अशी दोन वेगळी प्राधिकरणे आहेत. साध्या बी.एस्सी.ला यातले काही लागू होत नाही. ग्रामीण भागातील मुलांना सामाईक परीक्षेचा अर्ज भरायचा असतो हेच अनेकदा उशिरा कळते, म्हणून हा मुद्दा मांडला.

माजी_अधिसभा_सदस्य

निवृत्त_कक्ष_अधिकारी यांनी प्रक्रिया अचूक सांगितली आहे. परंतु त्यांच्या उत्तरातून वाचकाचा असा समज होऊ शकतो की बृहत् आराखडा आकाशातून पडतो आणि संस्थेने फक्त त्यात आपला बिंदू शोधायचा असतो. मी नोंदणीकृत पदवीधरांचा प्रतिनिधी म्हणून विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, होतो, तेव्हा यावर थोडे सविस्तर लिहितो.

आराखडा अधिष्ठाता मंडळ तयार करते, तो विद्या परिषदेमार्फत पुढे सरकतो आणि अधिसभेपुढे येतो. कायद्याचे शब्दच असे आहेत की उच्च शिक्षणाच्या सुविधांचे न्याय्य वाटप व्हावे आणि ज्या भागांत त्या पोहोचलेल्या नाहीत किंवा जे भाग अविकसित आहेत त्यांच्या गरजांचा विशेष विचार व्हावा. प्रत्यक्षात बैठकीत मात्र एक जाडजूड तक्ता समोर येतो. तालुका, गाव, विद्याशाखा असे रकाने आणि त्यांखाली नावांची रांग. ज्या गावाची कोणी बाजू मांडली नाही ते गाव त्या रांगेत नसते, आणि ते का नाही असे विचारणाराही सभागृहात कोणी नसतो. मी स्वतः एकदा माझ्या ओळखीच्या दोन गावांसाठी बोललो आणि तिसऱ्या गावाची माहितीच हाती नसल्यामुळे गप्प बसलो. त्या तिसऱ्या गावाची आठवण मला अजून येते.

आपल्या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पूर्वीपेक्षा आटोपशीर झाले आहे. 1923 साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठातून 1983 मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, 2011 मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे गोंडवाना विद्यापीठाकडे गेले, आणि आता राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाकडे नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे आहेत. चार जिल्ह्यांतील प्रत्येक तालुक्याची गरज नीट तपासणे अशक्य नाही. त्यासाठी तालुक्यातून माहिती वर यायला हवी.

चालू आराखडा 2024 ते 2029 या काळाचा आहे. त्यात आपल्या गावाचा किंवा जवळच्या गावाचा विज्ञान शाखेचा बिंदू आहे का, हे प्रथम पाहावे. असल्यास वरील मार्गाने जावे. नसल्यास आतापासून लेखी निवेदन द्यावे, पुढील आराखड्याचे काम सुरू होईल तेव्हा ते पुन्हा द्यावे, आणि अधिसभेतील व्यवस्थापन प्रतिनिधी, प्राचार्य प्रतिनिधी व पदवीधर प्रतिनिधी या सर्वांना त्याची प्रत पोहोचवावी. निवेदनात "आमच्या भागात महाविद्यालयाची नितांत गरज आहे" हे वाक्य प्रत्येक जण लिहितो. आपण आकडे द्यावेत.

तासिका_तत्त्वावर ताईंच्या म्हणण्याशी मी बराचसा सहमत आहे. तरीही वसतिगृह आणि बस यांचा पर्याय महाविद्यालयाच्या विरोधात मांडू नये असे मला वाटते. जी मुलगी नागपुरात राहायला येऊ शकते तिच्यासाठी वसतिगृह ठीक आहे. जिला घरून परवानगीच मिळत नाही तिच्यासाठी महाविद्यालयच जवळ यावे लागते.

काटोल_रोड

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, याबद्दल मनापासून आभार. सातबारा काढून पाहिला. शाळेची जमीन संस्थेच्या नावावर आहे, परंतु लागून असलेला जो तुकडा आम्ही महाविद्यालयासाठी धरला होता तो एका संस्थापक सदस्यांच्या वारसांच्या नावावर निघाला. त्यांच्याशी बोलणे सुरू केले आहे.

ताई, आपले लिखाण मी कार्यकारिणीच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले. अध्यापकांच्या वेतनाची तीन वर्षांची तरतूद ठेवीच्या रूपात दाखवल्याशिवाय अर्ज करायचा नाही, असे बैठकीत ठरले. त्यामुळे अर्ज किमान एक वर्ष पुढे जाईल, हे सर्वांनी मान्य केले. महाविद्यालय होईपर्यंत पहिल्या गाडीची वेळ बदलून मिळावी, यासाठी एसटीच्या आगारात वेगळे पत्र देत आहोत.

माजी सदस्यांनी आकडे मागितले आहेत. शाळेत दाखल्यांच्या स्थळप्रती वर्षवार बांधून ठेवलेल्या आहेत. आमचे लिपिक आणि मी मिळून मागील पाच वर्षांच्या बारावी विज्ञानाच्या स्थळप्रती काढल्या असून प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन किंवा फोन करून ती पुढे कोठे गेली, याची नोंद करत आहोत. पहिल्या दोन वर्षांचे काम झाले आहे. निवेदनात मुलींची नावे न देता केवळ गाव, अंतर आणि पुढे काय झाले एवढेच रकाने ठेवले तर चालेल का, की विषयनिहाय गुणांचा रकानाही लागेल, हे माजी सदस्यांनी कृपया सांगावे.