सरसकट रिझोनिंगच्या सुनावणीबाबत

प्रेषक: ब्रेंटवुडमधील एक सभासद
दिनांक: २४ एप्रिल २०२४

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

कॅनडातील आपल्या कॅलगरी शहरातील सरसकट रिझोनिंगच्या, म्हणजे कोणत्या जागेवर काय बांधता येईल हे ठरवणारा वर्ग शहरभर एकदम बदलण्याच्या, प्रस्तावावर सोमवारी, २२ एप्रिलला, सिटी कौन्सिलपुढे जाहीर सुनावणी सुरू झाली. बोलणाऱ्यांची रांग पाहता ती लवकर आटोपेल असे दिसत नाही. मी प्रस्तावाच्या विरोधात बोलण्यासाठी नाव नोंदवले आहे. आपल्यापैकी अनेकांची घरे ब्रेंटवुड, व्हार्सिटी अशा जुन्या, शांत भागांत असल्यामुळे माझे म्हणणे आधी आपल्या माणसांपुढे मांडावे असे वाटले.

आमच्या रस्त्यावर आज एका लॉटवर (भूखंडावर) एकच स्वतंत्र घर आणि फार तर त्यात एक बेसमेंट सूट, म्हणजे तळघरातले वेगळे बिऱ्हाड, होऊ शकतो. प्रस्ताव मंजूर झाला तर तिथे आर-सीजी हा दाट वस्तीला मुभा देणारा वर्ग लागू होईल. मग पन्नास फुटी लॉटवर चार रोहाऊस आणि प्रत्येकाखाली एक सूट, म्हणजे एकूण आठ बिऱ्हाडे राहू शकतील. बांधकाम लॉटचा ४५ टक्क्यांऐवजी ६० टक्के भाग व्यापू शकेल, आणि पार्किंग घरटी अर्धे धरल्यामुळे आठ बिऱ्हाडांना गाड्यांच्या चार जागा पुरेशा मानल्या जातील.

आमच्या दक्षिणेकडचा बैठा बंगला गेल्या शरद ऋतूत विकला गेला, आणि आता त्याच्या अंगणात मोजणीच्या खुंट्यांना बांधलेल्या केशरी फिती दिसतात. कॅलगरी ५१ अक्षांशावर असल्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा-सोळा अंश वर येतो. नव्या वर्गात चालणाऱ्या अकरा मीटर उंच इमारतीची सावली त्या वेळी जवळजवळ चाळीस मीटर पडते आणि आमच्या लॉटची रुंदी पंधरा मीटर आहे. थंडीत ओट्यापाशी पोळ्या लाटताना हातावर जे थोडेसे ऊन येते, ते या हिशेबाने संपले.

माझा मुख्य आक्षेप मात्र सावलीचा नाही. आजवर एखाद्या लॉटचा वर्ग बदलायचा असेल तर तिथे पाटी लागते, शेजाऱ्यांना पत्र येते आणि कौन्सिलपुढे कोणालाही पाच मिनिटे बोलता येते. सगळ्या शहराचा वर्ग एकाच ठरावाने बदलला की ही पायरीच नाहीशी होते. पुढे डेव्हलपमेंट परमिटच्या, म्हणजे त्या एका बांधकामाच्या परवानगीच्या, वेळी हरकत घेता येईल, पण तोपर्यंत त्या जागी काय उभे राहायचे हे ठरून गेलेले असेल आणि खिडक्या कुठे, कचऱ्याच्या पेट्या कुठे एवढेच बोलणे उरेल. ब्रेंटवुड स्टेशनाजवळ उंच रंगीत इमारती झाल्या, त्यांना मी कधीही विरोध केला नाही, कारण ट्रेनपाशी दाट वस्ती असावी हे मला पटते. मधल्या गल्लीतल्या प्रत्येक लॉटला तोच न्याय लावणे मला पटत नाही.

ज्यांना बोलायचे असेल त्यांनी मला कळवावे.

आपली नम्र,
मंडळाची जुनी सभासद


प्रेषक: एक तरुण सभासद
दिनांक: २५ एप्रिल २०२४

काकू, नमस्कार.

तुमच्याशी जाहीरपणे असहमत होताना संकोच वाटतो, तरीही लिहितो. या शहरातली माझी पहिली दोन वर्षे तुमच्याच बेसमेंटमध्ये गेली. २०१८ पूर्वी तुमच्यासारख्या भागात सूट काढायचा तर घरमालकाला कौन्सिलपुढे उभे राहावे लागे आणि शेजारी त्याच्या घरगुती बाबींची चर्चा ऐकत बसत. ती पद्धत बंद झाली म्हणून माझ्यासारख्यांना जागा मिळाली. तुम्ही ज्या पाच मिनिटांविषयी लिहिता, त्यांची दुसरी बाजू मी पाहिली आहे.

गेल्या वर्षभरात कॅलगरी परिसराची लोकसंख्या सहा टक्क्यांच्या आसपास वाढली. आम्ही दोघे नोकरी करतो, पण घर पाहायला निघालो की शहराच्या पार कडेला पोहोचतो, आणि तिथून मुलांना मराठी शाळेत आणायचे म्हणजे शनिवारची अख्खी सकाळ जाते. रोहाऊस झाली तर तुमच्या रस्त्यावर राहणे आम्हाला निदान कल्पनेत तरी परवडेल. शिवाय आजच्या नियमानेही तुमच्या शेजारी दहा मीटर उंचीचे एकच मोठे घर होऊ शकते. त्याची सावली फारशी आखूड नसेल, आणि राहील मात्र एकच कुटुंब.

आपला,
पूर्वीचा भाडेकरू


प्रेषक: ब्रेंटवुडमधील एक सभासद
दिनांक: २५ एप्रिल २०२४

चि. यास अनेक आशीर्वाद.

संकोच करू नकोस. सूटबद्दलचे तुझे म्हणणे मला मान्य आहे, आणि आपल्याच घराविषयी ते असल्याने मी आधीच लिहायला हवे होते. उंचीचा मुद्दाही बरोबर आहे, म्हणून माझ्या भाषणातून तो आकडा काढते. एक मीटरपेक्षा मला भिंतीच्या लांबीची चिंता अधिक आहे. साठ टक्के व्यापायचे म्हटले की बांधकाम मागच्या अंगणात खोलवर जाते, आणि आमच्या कुंपणापासून केवळ १.२ मीटरवर ती भिंत सलग उभी राहते. कुंपणालगत तिकडच्या बाजूला असलेले स्प्रूसचे जुने झाड त्यात वाचणार नाही.

ज्या गोष्टीचे मला खरोखर दुःख आहे ती पैशाची. केंद्रीय मंत्री शॉन फ्रेझर यांनी गेल्या सप्टेंबरमध्ये महापौर ज्योती गोंडेक यांना पत्र लिहून घरबांधणी निधीसाठी अशा बदलांची अट घातली आणि नोव्हेंबरमध्ये शहराला सुमारे २२.८ कोटी डॉलर जाहीर झाले. निधी आधी आणि सुनावणी नंतर, असा क्रम असेल तर नागरिकांनी काय समजायचे?

मी विरोध मागे घेत नाही, पण मागणी नेमकी करते: कोपऱ्यावरच्या लॉटवर आणि स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरात रोहाऊस खुशाल होऊ द्या, गल्लीच्या मधल्या लॉटसाठी मात्र शेजाऱ्यांना बोलावून ऐकण्याची पायरी ठेवा. तू बाजूने बोलायला नाव नोंदव. फोनवरूनही बोलता येते, त्यामुळे कामावरून सुटी घ्यावी लागणार नाही.

शनिवारी मराठी शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन जेवायलाच ये. येताना लांब टेप आण. त्या खुंट्यांपासून ओट्याच्या खिडकीपर्यंत किती अंतर भरते ते आपण दोघे मोजू, आणि सुनावणीत मी तोच आकडा सांगेन.

तुझी,
काकू