जर्मनीत पहिला वाढदिवस, केक मीच आणायचा का?

सराफ्याची_खवय्यी
नमस्कार मंडळी, मी इंदूरची, ऑक्टोबरमधे मास्टर्ससाठी जर्मनीत आलेय. येत्या रविवारी बड्डे आहे. घरी कसं आपल्याला काहीच करावं लागत नाही, आई ओवाळते, मैत्रिणी बारा वाजता केक घेऊन टपकतात. इथे हॉस्टेलच्या किचनमधे छान गँग जमलीये, एक इराणी, एक ब्राझीलची, दोघी जर्मन, पण तारीख माहीत असून कोणी चकार शब्द काढत नाहीये यार. काल एकीला मुद्दाम म्हटलं की रविवारी बड्डे आहे ना माझा, तर ती नुसती हसली. मीच बोलवायचं असतं का? आणि बाहेर गेलो तर बिल कोणाचं? बजेट एकदम टाइट आहे.

बडोदेकर_भाऊ
अगं रुसू नकोस, तिकडे वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं अपशकुनी मानतात, म्हणून गप्प असतील. बोलवायचं तूच आणि केकही तूच, ऑफिसातसुद्धा ज्याचा वाढदिवस तोच केक घेऊन जातो. मी तिकडे शिकायला होतो तेव्हा मलाही हे उलटंच वाटायचं. हॉटेलात "माझ्याकडून" म्हणालीस की बिल तुझं, त्यामुळे किचनमधेच उरक. रविवारी सुपरमार्केट बंद, सामान शनिवारीच आण, आणि शनिवारी रात्री जमून बाराला विश करा, हे तेही लोक हौसेने करतात, फक्त दहानंतर गाणी हळू लाव नाहीतर शेजारी दार वाजवतात.

सराफ्याची_खवय्यी
हुश्श! पण आता साडेचार तासांचा फरक आहे, म्हणजे आई इंदूरला बाराच्या ठोक्याला फोन करणार तेव्हा इथे शनिवारचे साडेसात. झाला ना अपशकुन 😄

रामबागची_मावशी
आईच्या फोनला कसला गं अपशकुन! तसंही आपल्यात दिवस सूर्योदयाला बदलतो, बारा वाजताचं खूळ तुम्हा पोरांचं. रविवारी सकाळी आंघोळ करून व्हिडिओ कॉल लाव, आई तिकडून ओवाळेल. आणि केक कशाला, श्रीखंड कर. माझी भाची म्युनिकला असते, ती तिथला क्वार्क, म्हणजे घट्ट दह्यासारखं मऊ चीज, आणते, जास्त फॅटवाला हं, बिनफॅटचा कोरडा लागतो. रात्रभर फडक्यात टांगून ठेवायचा, सकाळी पिठीसाखर, वेलची, केशर. चक्क्यासारखाच होतो.

बडोदेकर_भाऊ
मावशी, पण जर्मन पोरींत कोणी व्हीगन असेल तर? आधी विचारून घे.

सराफ्याची_खवय्यी
आहे ना एक! मग तिच्यासाठी पोहे, वर शेव आणि आपला इंदुरी जिरावण मसाला, आईने येताना भलंमोठं पाकीट कोंबलंय बॅगेत. फोडणी करताना खिडकी उघडी ठेवावी लागेल, मागे मिरची जळली तर स्मोक अलार्म बोंबलला होता आणि अख्खा मजला खाली. आज ग्रुपवर मेसेज टाकते, शनिवारी नऊला या म्हणून. ब्राझीलवालीला तिखट कितपत चालतं कोणास ठाऊक.