प्रतिसाद : अंबाडीचं कापड भिंतीत टिकेल का?

भिंतीला तडे जाऊ नयेत आणि पुढे साहित्य पुन्हा वापरता यावं म्हणून गिलाव्यात ताग-अंबाडीचं कापड घालायचं, अशी इथे चर्चा चाललीय. त्यावर वर एकांनी लिहिलंय की असं कापड दोन पावसाळ्यांत कुजेल, नाहीतर उधई खाईल. भीती रास्त आहे, पण आपल्या वेरुळातच तिचं उत्तर आहे. १२ क्रमांकाच्या लेण्यातल्या माती-चुन्याच्या गिलाव्यात भांगेचे तंतू (अंबाडीसारखाच खोडाच्या सालीतून निघणारा धागा) सापडले, आणि तो गिलावा हजाराहून जास्त वर्षं टिकलाय. २०१६ साली यावर संशोधन प्रसिद्ध झालं.

खरा प्रश्न धाग्याचा नाही, त्याला कशात बसवता त्याचा आहे. सिमेंटमधल्या क्षारांनी वनस्पतीचा धागा हळूहळू ठिसूळ होतो. इपॉक्सीत (घट्ट कडक होणाऱ्या रासायनिक डिंकात) चिकटवला तर टिकतो, पण पुन्हा सुटा होत नाही, मग पुनर्वापर कसला? माती-चुन्यातला गिलावा मात्र फोडता येतो. माती परत मळता येते, धागा उकिरड्यात कुजून खत होतो. ओल तेवढी सांभाळायची : दगडी जोतं, वर पुढे आलेलं छप्पर.

आणि अंबाडी बाहेरून आणायची गरजच नाही हो! मराठवाड्यात कपाशी-तुरीच्या कडेनं ती लावतातच. खोडं पाण्यात भिजत घालून सालीचा वाख सोलायचा, धुऊन वाळवायचा. आजवर त्याचे कासरे झाले. विरळ विणीचं तरट झालं, तर गिलाव्याला तडे रोखणारी जाळी गावातच मिळेल.