गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांचे पुढे काय झाले?

रंकाळाकाठ: आमच्या कागल भागातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेले अनेकजण लालबाग-परळच्या चाळींत गावाच्या सामायिक खोलीत राहत, १९८२च्या संपानंतर त्या वस्तीचे काय झाले, हे कोणी सविस्तर सांगेल का?

शाहूपुरीकर: ताडदेवची पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली आणि पुढे घाटावरून, कोकणातून माणसे येतच राहिली. एका खोलीत पाळीप्रमाणे झोपायचे, भिंतीलगत ट्रंका रचायच्या आणि जेवायला खानावळवालीकडे जायचे, असा तो संसार होता. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालील संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांतील बहुसंख्यांना पुन्हा काम मिळाले नाही.

पंचगंगा: लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आता मॉल आहे, धुराडे तेवढे उभे आहे. म्हाडाच्या सोडतीत काही कामगारांना घरे मिळाली, पण फार उशिरा.