मदत हवी आहे: तुकड्यांची गोधडी मधेच फुगते
साठलेले सुती तुकडे संपवायचे म्हणून माप, नमुना काहीही न ठरवता गोधडी जोडायला घेतली. कात्री नेईल तसं कापायचं, रंग डोळ्याला पटला की जोडायचा. मजा येतेय! पण चार-पाच चौकोन एकत्र झाले की कडा लाटांसारख्या होतात आणि मधे फुगा येतो. बरेच तुकडे उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरके, कापले गेलेत, तेच शिवताना ताणले जात असावेत. शिवणीला 6 मिलिमीटर सोडते, इस्त्रीही घासत नाही, नुसती दाबते.

उरेब कडांना मागून पातळ कापड लावून मग जोडू, की फुगा कापून तिथे नवी पट्टी घालू? जुन्या टी-शर्टचे तुकडे यात चालतील का? सगळं उसवायला मात्र सांगू नका, प्लीज.