अनुभव धागा : दावा एका देशात, वसुली दुसऱ्याच देशात

युरोपात राहणाऱ्या आपल्या कितीतरी जणांचे पैसे सीमेपलीकडे अडकतात आणि 'परक्या देशात कुठे कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या' म्हणून तसेच सुटतात. फार वाईट वाटतं. ज्यांनी दावा लावला त्यांनी सविस्तर लिहा : कोर्ट कुठलं, पैसे हातात कधी आले. सुरुवात मी करते.

म्युनिकमध्ये असताना स्पेनच्या एका दुकानातून ऑनलाइन १,१४० युरोंची सायकल मागवली. खोकं उघडलं तर सीटखालच्या नळीला बोटभर तडा. दुकानदार ईमेलला उत्तरच देईना. त्याची साइट जर्मनमध्ये होती, माल जर्मनीत पाठवायचा. म्हणून ग्राहक या नात्याने मला माझ्या गावच्या कोर्टात दावा लावता आला. ५,००० युरोंपर्यंत युरोपीय लघुदावा पद्धत आहे (२०१७ पर्यंत मर्यादा २,००० होती), वकील लागतोच असं नाही. 'फॉर्म ए' (दाव्याचा अर्ज) भरला, बिल आणि तड्याचे फोटो जोडले. सुनावणी न होता कागदपत्रांवरच निकाल लागला. खरी दमछाक त्यानंतर! निकाल स्पेनमध्ये चालतो, पण वसुली तिथल्या कायद्याने. निकालाची प्रत, आपल्या कोर्टाचं 'फॉर्म डी' प्रमाणपत्र (निकाल लागल्याचा दाखला), त्याचं स्पॅनिश भाषांतर. पैसे यायला अकरा महिने लागले. त्यातले दोन माझे गेले, कारण प्रमाणपत्र मागायचं मला ठाऊकच नव्हतं. निकालाबरोबरच मागून घ्या.

ब्रुसेल्सहून : नेदरलँड्समधल्या आयंडहोवनचं घर सोडलं, मालकाने १,८०० युरो डिपॉझिट अडवलं. इथल्या कोर्टात जाणार होतो. वकीलबाई म्हणाल्या, भाड्याचा वाद घर जिथं, तिथल्याच कोर्टात. तिथून नोटीस जाताच पैसे आले.

लंडनहून : माझा निकाल इथल्या कोर्टाचा, २०२३चा; देणेकरी फ्रान्समधल्या लियोंचा. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे तिथे २०२० संपेपर्यंत लावलेल्या दाव्यांचेच निकाल संघात थेट चालतात. माझा दावा त्यानंतरचा, त्यामुळे फ्रान्समध्ये मान्यतेसाठी वेगळा अर्ज, वेगळा वकील. १ जुलै २०२५पासून ब्रिटनला हेगचा निकालविषयक करार (एका देशाचा निकाल दुसऱ्या देशात मानण्याचा) लागू झालाय, पण त्यानंतर लावलेल्या दाव्यांनाच.

पुण्याहून : देणेकरी भारतात परतला असेल तर हेही बघा. ब्रिटनच्या वरिष्ठ कोर्टांचा पैशाचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली इथे थेट दरखास्त (वसुलीचा अर्ज) लावून बजावता येतो. ज्या देशांचे निकाल असे थेट चालतात त्यांच्या यादीत जर्मनी नाही. माझ्या भावाला हॅम्बुर्गच्या निकालावर पुण्यात नव्याने दावा लावावा लागला, तोही निकालापासून तीन वर्षांच्या आत. मुदतीला जेमतेम आठवडा उरला होता. पुढची तारीख ऑगस्टमधली आहे.