सांधे सुजून आपोआप उतरलेली मुलगी, पीएचसीत इको (हृदयाची सोनोग्राफी) नाही. रुमॅटिक फीवर (घशातल्या स्ट्रेप जंतूंनंतर सांधे नि हृदयावर येणारा आजार) म्हणायचं का?

सातपुडा_एमओ
नमस्कार मंडळी. बाँडवर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) नंदुरबार जिल्ह्यात पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) आहे. आश्रमशाळेतली ११ वर्षांची मुलगी, आधी उजवा गुडघा सुजला, तो उतरतोय तोवर डावा घोटा, ताप १०१ पर्यंत. गावातल्या डॉक्टरांनी डायक्लोची सुई मारली, गोळ्या दिल्या, दोन दिवसात पोरगी पळायला लागली आणि मग माझ्याकडे आली, म्हणजे मला सूज दिसलीच नाही. घसा दुखला होता का विचारलं तर अधीक्षिका म्हणतात मागच्या महिन्यात सगळ्याच पोरींना सर्दी-खोकला होता. ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ५२, एचबी ८.९, एएसओ (स्ट्रेपविरुद्धची अँटीबॉडी) ४००. अपेक्सला (हृदयाच्या टोकाला) मर्मर (हृदयाचा जादा आवाज) वाटतो, पण खरंच आहे की मनात रुमॅटिक आहे म्हणून ऐकू येतोय देव जाणे. ईसीजी मशीन बंद, इको जिल्ह्याला. पेनिड्युअर (दर तीन आठवड्यांची पेनिसिलिनची सुई) आजच चालू करू की इकोची वाट बघू? चालू केलं तर वर्षानुवर्षं चालणार, नाही केलं आणि खरंच निघालं तर व्हॉल्व जाणार.

खेड्यातला_बालरोगतज्ज्ञ
पहिलं म्हणजे तो एएसओचा रिपोर्ट जरा बाजूला ठेव. एएसओ वाढलं म्हणजे मागच्या काही आठवड्यांत स्ट्रेप येऊन गेला, बस. आश्रमशाळेत एका खोलीत चाळीस पोरं झोपतात, तिथे धडधाकट पोरांचंही वाढलेलं सापडतं. माझ्या ओपीडीत दर महिन्याला एखादं पोरगं येतं, रात्री पोटऱ्या दुखतात, सकाळी ठणठणीत, कुणीतरी एएसओ केलं, ४०० आलं, आणि तीन वर्षं पेनिड्युअर चालू! हे निदान नाही, हा रिपोर्टचा उपचार झाला.

आता तुझी केस. जोन्स क्रायटेरिया (रुमॅटिक फीवर ठरवायचे निकष) १९४४ चे, पण २०१५ च्या सुधारणेत आपल्यासारख्या जास्त धोक्याच्या भागासाठी मापं वेगळी केलीत. ताप ३८ सेल्सियस (१००.४ फॅरनहाइट) पुरतो, ईएसआर ३० पुरतो, आणि एकच सांधा सुजला किंवा नुसते बरेच सांधे दुखले तरी मेजर (मुख्य लक्षण) धरता येतं (दुसरं कारण नाही हे बघून). कमी धोक्याच्या देशात ताप ३८.५ (१०१.३ फॅरनहाइट) आणि ईएसआर ६० लागतो. म्हणजे हीच मुलगी तिकडे असती तर निकषात बसलीच नसती, तुझ्याकडे बसते: फिरता आर्थ्रायटिस एक मेजर, ताप नि ईएसआर दोन मायनर (दुय्यम), एएसओ स्ट्रेपचा पुरावा. फक्त एक, सांधे मेजरमध्ये धरले की सांधेदुखी परत मायनरमध्ये मोजायची नाही.

आणि गावातल्या डॉक्टरांना प्रेमाने सांग, सुजलेला सांधा घेऊन पोर आलं तर निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलवर ठेवा. डायक्लो, ब्रुफेन दिलं की रुमॅटिकचा सांधा दोन-तीन दिवसात बसतो, दुसरा सुजायचा तो सुजत नाही आणि निदानाचा धागाच तुटतो.

विदर्भ_फिजिशियन
वरच्या सरांचं बरोबर आहे पण "दुसरं कारण नाही हे बघून" हे कंसात टाकून चालणार नाही. नंदुरबार, एचबी ८.९, सांधे. सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) तपासलं का?? सोल्युबिलिटी टेस्ट पीएचसीतच होते, पॉझिटिव्ह आली तर खात्रीला इलेक्ट्रोफोरेसिस. सिकलच्या क्रायसिसमध्येही (दुखण्याच्या झटक्यातही) ताप येतो, सांधे सुजतात, आणि अ‍ॅनिमियाचा मर्मर वेगळाच गोंधळ घालतो. शिवाय अ‍ॅनिमियात ईएसआर तसाही चढतो, उलट सिकलच्या पेशंटमध्ये खोटा कमी येतो, म्हणून त्या ५२ वर फार भार टाकू नको. रात्री जागं करणारं हाडाचं दुखणं असेल, प्लेटलेट कमी असतील तर ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) डोक्यात ठेव, स्मिअर (रक्ताची काच) स्वतः बघ.

मर्मरचं असं कर, पंखा बंद, डाव्या कुशीवर झोपव, श्वास सोडून धरायला सांग. माइट्रल व्हॉल्वच्या गळतीचा मर्मर पूर्ण सिस्टोलभर (हृदय आवळतं तेवढा सगळा वेळ) असतो नि काखेकडे जातो. अ‍ॅनिमियाचा छोटा, मऊ, छातीच्या हाडाच्या डाव्या काठाला. आणि पोर गाढ झोपलं असताना पल्स मोज, ताप उतरलेला असून झोपेतही धावत असेल तर कार्डायटिसचा (हृदयाच्या सुजेचा) संशय वाढतो. याला कुठलं मशीन लागत नाही.

सातपुडा_एमओ
सर, सोल्युबिलिटी निगेटिव्ह. काल ग्रामीण रुग्णालयात ईसीजी करून आणला, पीआर (ईसीजीतलं एक अंतर) लांबलेला, ०.२४ सेकंद. मर्मर काखेत जातोय असं मला ९० टक्के वाटतं. झोपेतली पल्स अधीक्षिकांना मोजायला शिकवली, ११८ सांगतात. इकोची तारीख तीन आठवड्यांनी.

खेड्यातला_बालरोगतज्ज्ञ
मग थांबायचं कारण उरलं नाही. इको नक्की कर, कारण कानाला न लागणारी गळतीही त्यात सापडते आणि २०१५ पासून ती मेजरमध्ये धरतात, पण पहिली सुई त्यासाठी अडवू नको. धाप, पायावर सूज, लिव्हर हाताला लागणं यातलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी पाठव. पीआर मात्र इकोत कार्डायटिस निघाला तर मायनर म्हणून वेगळा मोजू नको.

बाकी ज्यांच्या केसेस अर्ध्यामुर्ध्या असतात त्यांनी लक्षात ठेवा, जास्त धोक्याच्या भागात खात्री नसेल तर १२ महिने पेनिसिलिन देऊन मग परत तपासून इको करून ठरवायची सोय गाइडलाइनमध्येच आहे. हो किंवा नाही आजच ठरवायला हवं असं नाही.

सिस्टर_ताई_सातारा
डॉक्टर, मी पंधराएक वर्षं या सुया देतेय म्हणून मध्ये बोलते. १२ लाख युनिटची व्हायल (वजन २७ किलोच्या आत असेल तर ६ लाख युनिट). औषध घट्ट असतं, बारीक सुईत जाम होतं नि मग पोराला दुसऱ्यांदा टोचावं लागतं, म्हणून २१ नंबरची सुई घ्या, पाणी घालून नीट हलवा आणि लगेच द्या, हळू द्या. अ‍ॅड्रेनालिन भरून नाही तरी हाताशी हवंच, नंतर अर्धा तास बसवून ठेवा. तिसऱ्या आठवड्याची तारीख अधीक्षिकांच्या वहीतपण लिहा. दिवाळी नि उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरं पाड्यावर गेली की डोस चुकतात, तिथल्या आशाताईंचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

विदर्भ_फिजिशियन
ताईंच्या सुट्टीच्या मुद्द्याला +१. आणि एमओ, त्याच आश्रमशाळेत एखादी मुलगी हल्ली वेडावाकडं लिहिते, भांडी हातातून पाडते, मास्तरांचा मार खाते असं कानावर आलं तर तिलाही बोलव. कोरियात (रुमॅटिकमुळे हातपाय आपोआप हलतात त्या आजारात) स्ट्रेपचा पुरावा लागत नाही, तोपर्यंत एएसओ उतरलेलं असतं. तिला तुझी बोटं घट्ट धरून ठेवायला सांग, पकड सारखी कमी-जास्त होत राहील.